काचेवरचा दोरा

माझ्या गाळ्यावर येणारा प्रत्येक नवा माणूस आधी माझ्या गालांकडे बघतो. काच फुंकणारा म्हणजे फुगलेल्या गालांचा, सनईवाल्यासारखा कोणीतरी असणार असं त्याला वाटत असतं. मग मी फुंकणीला तोंड लावून चहा निववायला घालावी तेवढीच फुंकर घालतो आणि त्याचा विरस होतो. खरं सांगायचं तर या धंद्यात फुंकणं चिमूटभर आणि फिरवणं पोतंभर. लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतली काच घेतली की ती पाकासारखी खाली ओघळायला बघते. तिला ओघळू द्यायचं नाही, म्हणून नळी फिरवत राहायची. भट्टीपासून बाकड्यापर्यंत चालताना फिरवायची, बसून आकार देताना फिरवायची, शिंक आली तरी फिरवायची. हात थांबला की भांडं एका अंगाला कलतं आणि मग ते कोणाच्या बापाला सरळ होत नाही.

गुजरातेत, भेस्तानला माझा पत्र्याचा गाळा आहे. आजूबाजूला सगळे कपड्याचे कारखाने आणि मधेच माझी भट्टी. फुलदाण्या, लांब मानेच्या सुरया, टेबलावर ठेवायचे मोठे वाडगे असं शोभेचं काम मी करतो. माझे वडील लिंबायतला पॉवरलूमवर होते; धुळ्याकडून आलेल्या आमच्या गल्लीतल्या बहुतेकांचे वडील तिथेच होते. मीही मागावरच उभा राहिलो असतो, पण मला त्या खडखडाटाची चीड होती, आणि मला कशाची चीड आली की ती लपत नाही. वडिलांशी भांडून मी एका काचेच्या कारखान्यात लागलो. तिथला उस्ताद फिरोजाबादकडचा म्हातारा होता. काम त्याने शिकवलं, शिव्याही त्याच्याच शिकलो. त्याचा एक नियम होता: "जिसका हाथ हिले, उसको भट्टी के पास खड़ा मत करना, चाहे सगा भाई हो." स्वतःचा गाळा घेतला तेव्हा बाकी काही आणलं नाही, हा नियम मात्र बरोबर आणला.

लग्न झालं तेव्हा माझी बायको घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. आमच्या गल्लीत दारोदार तेच चालायचं. सकाळी टेम्पोवाला गठ्ठे टाकून जायचा आणि संध्याकाळी उचलायचा. तिची टिकली कधी रेघ सोडून बसली नाही, असं शेजारणी सांगायच्या. मी ते ऐकून सोडून द्यायचो. टिकली चिकटवणं हे काय काम आहे, अशी माझी समजूत होती.

एकदा ती खोलीची किल्ली द्यायला गाळ्यावर आली आणि मी नेमका माझ्या मदतनिसाला हाकलत होतो. गुजरातेत दारूबंदी आहे हे त्या गड्याला कोणी कळवलं नव्हतं. सकाळी दहालाच त्याचे हात लटपटत होते. उस्तादाचा नियम मी त्याला उस्तादाच्याच शिव्यांसकट ऐकवला आणि बाहेर काढलं. तो गेला खरा, पण एक अर्धी झालेली फुलदाणी माझ्या नळीवर तशीच राहिली. तिला दोरा घालायचा होता.

दोरा म्हणजे काचेचाच. मदतनीस एका सळईच्या टोकावर रंगीत काचेचा वितळलेला गोळा घेऊन येतो आणि त्याचं टोक भांड्याला टेकवतो. मी बाकड्यावर बसून नळी फिरवत असतो. भांडं फिरेल तशी त्या गोळ्यातून बारीक तार ओढली जाते आणि भांड्याभोवती गुंडाळत जाते, रिळावर दोरा भरावा तशी. सळई धरणाऱ्याने हात हळूहळू एका बाजूला सरकवत न्यायचा. फिरवणं माझं, सरकवणं त्याचं. एकाचाही हात चुकला तर रेघ वाकडी येते आणि काच निवली की ती वाकडी रेघ जन्माची.

"मी धरस," ती म्हणाली.

मी हसलो. पण फुलदाणी निवत चालली होती आणि दुसरं कोणी नव्हतं. तिने पदर खोचला, मी सांगितलं तशी सळई भट्टीत घातली, गोळा घेतला आणि टेकवला. निळा दोरा त्या फुलदाणीभोवती असा बसला की दोन वेढ्यांमधलं अंतर पट्टीने मोजावं. उस्तादाकडे सहा वर्षं काढून मला तो तसा जमत नव्हता. मी तिला काय म्हणालो ते मला पक्कं आठवतं. मी म्हणालो, "सळई पाण्यात टाक, नाहीतर चटका बसेल."

त्या दिवसापासून पंधरा वर्षं ती माझ्याबरोबर उभी राहिली. सकाळी घरचं आवरून यायची, जुन्या मोज्यांच्या बाह्या करून हातात घालायची आणि माझ्या उजव्या बाजूला उभी राहायची. बाकड्यावर आम्ही बोलत नसू. भट्टीच्या आवाजात बोलून ऐकू येतही नाही. नळी बाकड्याच्या कडेला एकदा वाजवली की दोरा, दोनदा वाजवली की निववायच्या पेटीचं दार उघड. भांडं तयार झालं की त्या गरम पेटीत ठेवून हळूहळू निववावं लागतं, नाहीतर ते तडकतं. एवढीच आमची भाषा. काळा चष्मा लावून मी काचेकडे बघत असायचो. बायको माझ्या शेजारी हातभर अंतरावर उभी असायची आणि तिचं तोंड मी दिवसभरात जेवताना तेवढं पाहायचो. हे मी आता लाजेने लिहितोय. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

तिच्या मनात मात्र कितीतरी होतं. साड्यांवर नक्षीच्या नाना तऱ्हा पाहिलेली बाई ती. एकदा जेवताना म्हणाली, "जवय देखो तवय सरळ रेघा. कटाळा नही येस का तुम्हले?"

मी म्हटलं, "तू दोरा धर. डिझाइनचं मी देखसू."

असं तीन-चारदा झालं असेल. मग तिने तो विषय काढणं सोडलं.

दीड वर्षापूर्वी, एका सुरईच्या मानेला दोरा घालताना, रेघ हलली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मी चष्म्यातून पाहत होतो आणि माझं डोकं सणकत होतं. भांडं हातात असताना ओरडता येत नाही म्हणून ते पेटीत जाईपर्यंत थांबलो, आणि मग ओरडलो. "आज काय व्हयनं तुन्हा हातले?"

ती हात पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काही नही. मुद्दाम करं."

मुद्दाम! मी अजूनच भडकलो. डिझाइनमध्ये ऐकलं नाही म्हणून ही माझ्या मालावर सूड काढतेय, असं मला वाटलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती सुरई पेटीतून निघाल्यावर मागच्या फळीवर, फुटक्या मालाच्या शेजारी ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात माझा नेहमीचा शेठ आला. घरसजावटीचं त्याचं दुकान आहे आणि त्याची नजर फार चोखंदळ. पुढे मांडलेल्या सरळ रेघांच्या फुलदाण्यांवरून त्याने नुसती नजर फिरवली आणि मागच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला. ती सुरई उचलून उजेडात धरली.

"आ लाइन कोणे करी?"

"माझ्या मिसेसने," मी म्हटलं. मला वाटलं, आता माल परत द्यायची भाषा करणार.

"बहु सरस, भाई. जाणे पाणी हालतुं होय, हलतं पाणीच." त्याने ती सुरई टेबलावर ठेवली, खाली वाकून चारी बाजूंनी पाहिली. "मला असाच माल पाहिजे. सरळ लाइन आता बंध."

बायको कोपऱ्यात पाण्याची बादली भरत होती. मी तिच्याकडे पाहिलं. शेठ गेल्यावर मी तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "तुझंच खरं निघालं. छान आहे ते." पंधरा वर्षांत मी तिच्या कामाला पहिल्यांदा छान म्हटलं होतं. तिने बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग हसली. तिचं ते हसणं मला इतकं आवडलं की तिला काय बोलायचं होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर वर्षभर आम्ही हलत्या दोऱ्याचाच माल केला. वाडगे, सुरया, फुलदाण्या, सगळ्यावर तिचा दोरा. कोणी पाहुणा आला की मी त्याला बाकड्याशेजारी उभं करून दाखवायचो, "हा दोरा माझ्या बायकोचा शोध." मी माणूस तोंडाळ, जितका शिव्यांना मोकळा तितकाच एकदा सुरू झाल्यावर कौतुकालाही. गावाकडे फोन करून भावाला सांगितलं. सासऱ्यांना सांगितलं. आणि तिला काय सांगत होतो? "आजून जरा जास्त हालाव. मानेपाशी बारीक, पोटाशी मोठा." ती मान हलवायची. कधी दोरा मी म्हणेन तसा यायचा, कधी नाही. नाही आला तर मी म्हणायचो, तुझ्या मनाला येईल तसं कर. एवढं मोठेपण माझ्यात आलंय म्हणून मलाच माझं कौतुक वाटायचं.

आमची मुलगी पर्वत पाटियाच्या बाजूला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइन्स करते. घरात ती आमच्याशी मराठी बोलते, पण फोन हातात आला की गुजराती. एका रविवारी ती गाळ्यावर आली. मम्मीच्या दोऱ्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकते, लोक बाहेरगावहून ऑर्डर देतील, म्हणाली. तिने तासभर आमच्याभोवती फिरून चित्रण केलं. मी नेहमीपेक्षा जरा ताठ बसलो होतो.

संध्याकाळी घरी आल्यावर बायको भाजी आणायला गेली होती. मुलगी खाटेवर माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

"पप्पा, जरा बघा."

पडद्यावर फक्त तिच्या आईचे हात होते. दोरा पडत होता, हलत होता, सुंदर दिसत होता. "झकास," मी म्हटलं.

"थांबा, पुढे बघा. आता दोरा संपला. मम्मीने सळई ठेवली. ठेवली ना?"

"ठेवली."

"आता हात बघा."

सळई बादलीत होती. हात रिकामा होता. तो तिच्या पोटापाशी आला, आणि तो हलतच होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखी होत होती, जात्यातून चिमूटभर पीठ काढून बघावं तशी. मग दुसरा हात आला, त्याने तो पहिला हात मनगटाशी धरला आणि दोन्ही हात पदराखाली गेले.

"आ डिझाइन नथी, पप्पा," मुलगी म्हणाली. "मम्मीचा हात थरथरतोय. हे कधीपासून आहे?"

मी तिच्यावरच खेकसलो. काल आलेली पोर, मला काचेतलं शिकवते. ती उठून आत गेली, फोन खाटेवर टाकून. मग मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा लावला. किती वेळा ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी दोन्ही हात पदराखाली गेले की मी पहिल्यापासून सुरू करत होतो, जणू एखाद्या वेळी ते तसे जाणारच नाहीत.

बायको पिशवी घेऊन आली. मी नुसता फोन तिच्याकडे केला. तिने पाहिलं. पिशवी खाली ठेवली, मेथीच्या जुड्या काढल्या आणि खाली बसून निवडायला घेतल्या. बोटं हलत होती आणि पानं खाली पडत होती. ती आता लपवत नव्हती.

"काबर सांगं नही?" मी विचारलं.

"सांगती तर तुम्ही मले भट्टीवर उभं करता का?"

पंधरा वर्षांपूर्वी मी त्या गड्याला कोणत्या शब्दांत हाकललं ते ऐकत ती दारात उभी होती. त्याच्याच जागेवर ती आली होती.

"आनि मंग शेठले आवडनं," ती मेथी निवडता निवडता म्हणाली. "तुम्हले आवडनं. तुम्ही तवय पहिल्यांदा छान म्हने मले. मंग कशी सांगू?" थोडं थांबून म्हणाली, "आनि सांगू का? कधी कधी हात बरा ऱ्हास. काहीच व्हत नही. त्या दिवशी मी सोता हालावस."

हे ऐकून मी रडलो. खाटेवर बसून, आतून येऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलीसमोर, मोठ्याने. ज्या दिवशी देवाने तिला तिचा हात परत दिला त्या दिवशीही, माझ्या एका शब्दासाठी, ती त्या दुखण्याची नक्कल करत होती. आणि मी बाजूला बसून सांगत होतो, आजून जरा जास्त हालाव.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बरा होत नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो, हळूहळू वाढतो. ते मला सांगत होते आणि मी ऐकत होतो. बायकोने एकच प्रश्न विचारला, हिंदीत, "काम पे जा सकती हूँ?"

"कौनसा काम? सिलाई-बिलाई?"

"काच का."

डॉक्टरांना वाटलं, ती चष्म्यांच्या नाहीतर आरशांच्या दुकानात असेल. मी भट्टीचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "आप ही देख लो," ते म्हणाले. म्हणजे त्यांनी ते माझ्यावर सोडलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने माझी बाही धरली.

"मले घर बसाडू नका," ती म्हणाली. "मी घर बसनू तर मी फक्त आजारी बाई शे. तठे मन्हं काम शे."

मी तिला येऊ दिलं. उस्तादाचा नियम मोडला आणि त्याचं मला काहीही वाटलं नाही. गोळ्यांनी सुरुवातीला फरकही पडला. दोन महिने तर रेघ जवळजवळ सरळ येत होती आणि शेठ कुरकुरत होता की पाणी गेलं, पाणी गेलं. एकदा ती जेवायला बसलेली असताना त्याची समजूत काढायला म्हणून मी स्वतः तसा दोरा घालून पाहिला. नळी एका हाताने फिरवली, सळई दुसऱ्या हाताने धरली आणि मुद्दाम हलवली. पहिलीतल्या पोराने डोंगर काढावेत तसे डोंगर आले. मी ते भांडं तिने पाहायच्या आत फोडून टाकलं.

मग गोळ्यांचा असर कमी होत गेला. दोरा मधेच तुटायला लागला, त्याचे गोळे व्हायला लागले, एका वेढ्यावर दुसरा चढायला लागला. आता त्याला लाट म्हणता येत नव्हतं. दहातली सात भांडी फुटक्या मालात जात होती. मी तिला म्हणायचो, आज काचच बरोबर नाही, गॅस कमी येतोय. काच कशी आहे ते तिला माझ्याइतकंच कळत होतं. एका दुपारी सळईवरचा गोळा सुटला आणि तिच्या पायापासून वीतभर अंतरावर जमिनीवर पडला. ती मागे सरली, सळई पुन्हा भट्टीत घातली आणि नवा गोळा घेऊन आली. माझ्या नळीवरचं भांडं तोवर कलंडलं होतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझा हात थांबला होता.

त्यानंतर मला तिच्या पायांची भीती बसली. काचेकडे बघणं सोडून मी तिच्याकडे बघायला लागलो. तिला ते आवडत नव्हतं. "भांडाकडे देखा," ती म्हणायची.

शेवटच्या दिवशी मी एक उंच फुलदाणी करत होतो, पांढरी, तिच्यावर निळा दोरा. मी नळी वाजवली. ती गोळा घेऊन आली, टेकवायला गेली आणि हात इतका हलला की गोळ्याचं टोक भांड्याला लागेचना. एकदा गेलं, दोनदा गेलं. गोळा निवत चालला होता, ती ओठ दाबून पुन्हा पुन्हा हात पुढे करत होती. माझ्याच्याने बघवेना. डाव्या हाताने मी नळी फिरवत होतो. उजव्या हातातला चिमटा टाकून दिला आणि तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. तिचा हात माझ्या मुठीत पाखरासारखा धडपडत होता, पण मी तो हलू दिला नाही. टोक भांड्याला लागलं, दोरा निघाला. मी डाव्या हाताने फिरवत गेलो आणि उजव्या हाताने तिचा हात सरकवत नेला, पायथ्यापासून मानेपर्यंत. दोरा सरळ आला. पट्टीने मोजावा असा, पहिल्या दिवशी आला होता तसा.

मला इतका आनंद झाला की मी बाकड्यावरच ओरडलो, "देख! आला का नही सरळ! आते असंच करत जाऊ, मी धरत जासू तुन्हा हात!"

ती भांड्याकडे पाहत होती.

"हाऊ तुम्हना हात शे," ती म्हणाली. "मन्हा नही."

तिने सळई बादलीत टाकली. मी नळी दोनदा वाजवली नव्हती तरी पेटीचं दार उघडलं, कारण भांडं आत जायची वेळ झाली होती हे तिला माहीत होतं. मी ते ठेवलं, तिने दार लावलं, कडी घातली. मग बाह्या काढल्या, त्यांची घडी केली आणि ती घडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आते मी येत नही भट्टीवर," म्हणाली. रागाने नाही. दुकानातून निघताना पिशवी उचलावी तितक्या साधेपणाने म्हणाली. मी नको म्हटलं, विनवण्या केल्या, हात धरणार नाही अशी शपथ घेतली. ती ऐकत होती, पण तिचं ठरलं होतं. वर्षभर मी तिला हात हलवायला सांगत होतो, आणि ज्या दिवशी तो नुसता हलू द्यायचा होता त्या दिवशी मी तो दाबून धरला. एक फुलदाणी वाया गेली असती. आणखी काय झालं असतं?

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही मोटरसायकलवर लिंबायतला घरी निघालो. ती मागे बसली, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून. उधन्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला. मोठा सिग्नल आहे, ऊनही होतं, म्हणून मी इंजिन बंद केलं. एरवी मी ते चालूच ठेवतो. गाडी थांबली, आवाज थांबला, आणि माझ्या खांद्यावरची थरथर मात्र चालूच राहिली.

ती थरथर मला नवीन नव्हती. दीड वर्षं रोज भेस्तान ते लिंबायत ती माझ्या खांद्यावर होती. मला वाटायचं, इंजिन थरथरतंय. दोनदा गॅरेजवाल्याकडे गाडी नेऊन मी त्याच्याशी भांडलोही होतो, की पैसे घेतोस आणि थरथर जात नाही. तो बिचारा म्हणायचा, काका, गाडीत काही नाही.

माझा खांदा आखडला असणार, कारण तिने लगेच हात उचलून घेतला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले, एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून आईबापांवरून बोलायला लागला. मला एरवी अशा माणसाशी भांडायला कारण लागत नाही. मी मान वळवली नाही.

"ऱ्हाऊ दे ना," मी पुन्हा म्हटलं, आणि तिचा हात परत खांद्यावर येईपर्यंत गाडी चालू केली नाही.